पर्यावरण धोरणाचा वर्ग बंद करू नका : सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीचे खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, संस्थेचे मा. विश्वस्त आणि विद्या परिषदेचे मा. सदस्य,
आमचे महाविद्यालय, सोलापूर.

विषय : ‘पर्यावरण धोरण’ या आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे नवे प्रवेश थांबवण्याच्या निर्णयाबाबत.

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. पर्यावरण धोरणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला येत्या जूनपासून नवे प्रवेश मिळणार नाहीत. सध्याच्या विद्यार्थ्यांचे वर्ग ‘उपलब्ध मनुष्यबळानुसार’ पूर्ण केले जातील. या विषयातला एक पेपर यापुढे रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला ऐच्छिक म्हणून राहील. कारण एका ओळीत दिले आहे, अपुरी प्रवेशसंख्या.

मी याच वर्गात दुसऱ्या वर्षाला शिकते. सूचना वाचून कार्यालयात अर्ज दिला, विभागप्रमुखांना भेटले. दोन्हीकडे ‘वरून ठरले आहे’ एवढेच ऐकायला मिळाले. वर म्हणजे आपण. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे आणि ते सोलापूरकरांपुढेही ठेवते आहे. आमची पदवी आज ना उद्या हातात पडेल. हा वर्ग बंद झाल्याने खरे नुकसान व्हायचे ते या जिल्ह्याचे.

आधी माझा संबंध सांगते. आमची शेती मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला आहे. बीए अर्थशास्त्रात झाले. पुढे बीएड कर किंवा पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी कर, असे घरात सगळ्यांचे म्हणणे होते. मी हा अभ्यासक्रम निवडला, कारण पाणी, ऊस, बोअर आणि टँकर या चार गोष्टींवरच आमच्या गावातली सगळी भांडणे आणि सगळी निवडणूक चालते आणि त्यातले काहीच मला अर्थशास्त्राच्या पुस्तकात नीट सापडत नव्हते. वडिलांनी पहिल्या वर्षाची फी उसाच्या बिलातून भरली. पुण्या-मुंबईला ठेवून शिकवणे त्यांना झेपले नसते. गावाहून एसटीने येऊन-जाऊन करता येईल असा हा एकच वर्ग होता. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींची गोष्ट हीच आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. आमचा पट्टा कोरडवाहू, वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. जिथे टँकरची सवय आहे, तिथे माणसे छपरावर बसून सुटकेची वाट पाहत होती. पाणी ओसरले तेव्हा नदीकडच्या रानात माती राहिली नव्हती. खालचा मुरूम उघडा पडला होता, त्यात ठिबकच्या नळ्यांची गुंतवळ अडकलेली होती. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. पीक गेले आणि जमीन खरडून गेली, या दोन वेगवेगळ्या रकान्यांतल्या नोंदी असतात आणि त्यावर मदत ठरते, हे वडिलांना तेव्हा कळले. मला ते वर्गात आधी कळले होते. त्यामुळे मी त्यांच्या शेजारी उभी राहून योग्य रकाना भरून घेऊ शकले.

सुट्टीनंतर मी तो पंचनामा वर्गात नेला आणि पुढचे काही तास त्यावरच झाले. आमच्या वर्गात कोण आहेत ते आपल्या प्रवेशनोंदींत आहेच, तरी इथे सांगते : बीएस्सी केमिस्ट्री झालेली पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, एलएलबी करून कोर्टात ज्युनिअरशिप केलेला मित्र, भूगोलाचे दोघे, समाजशास्त्राची एक, आणि नोकरी सांभाळून येणारे एक ग्रामसेवक. भूगोलाच्या मित्रांनी सीनेचे खोरे नकाशावर मांडले. पाऊस वर अहिल्यानगर आणि धाराशिवच्या बाजूला पडतो, धरणाचे दरवाजे शेजारच्या जिल्ह्यात उघडतात आणि पाणी आमच्या शिवारात शिरते. मग सोडल्या जाणाऱ्या विसर्गाची सूचना कोणी, कोणाला, किती तास आधी द्यायची? वकील मित्राने पूररेषांचा विषय काढला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा. ग्रामसेवकांनी सांगितले की गावठाणात बांधकामाचा अर्ज आला की ही रेषा कुठून जाते हे सांगायला त्यांच्याकडे कागदच नसतो.

शासनाने खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि शिवाय रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचे काम जाहीर केले होते. मी हिशोब मांडला : एका एकरावर फूटभर माती पसरायची तर ट्रॉल्या किती, एका ट्रॉलीला डिझेल किती, मजुरी किती. केमिस्ट्रीच्या मैत्रिणीने विचारले, पण माती आणणार कुठून? तलावाचा गाळ काढून शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, पण त्यासाठी तलाव आटलेला हवा, आणि पुराच्या वर्षी सगळे तलाव तुडुंब असतात. शिवाय तो गाळ खारवट आहे की नाही, हे तपासल्याशिवाय टाकायचा नाही. एका शेतकऱ्याच्या एका एकराचा प्रश्न सोडवायला आम्हाला चार-पाच विषयांची माणसे लागली, आणि ती सगळी एकाच खोलीत बसलेली होती. सोलापुरात अशी दुसरी खोली मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण शहरातले. औद्योगिक वसाहतीमागच्या एका नाल्याचा नमुना घ्यायला आम्ही गेलो होतो. पाणी गडद निळे होते. काठच्या दगडांवर आधीच्या रंगांचे थर बसले होते, मरून, हिरवा, त्याखाली काळा. मैत्रिणीने पांढरा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळला, हवा राहू नये म्हणून काठोकाठ भरून झाकण लावले, पट्टीवर वेळ आणि तापमान लिहिले. मग तिने आम्हाला समजावले. सुती टॉवेलला रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर भरपूर मीठ लागते. रंगाचा काही भाग धाग्याला धरतच नाही, तो धुण्यात निघून जातो. चुना-तुरटी टाकून पाण्याचा रंग बराच काढता येतो, मीठ मात्र पाण्यातच राहते. म्हणजे बाहेर जाणारे पाणी पांढरे दिसले तरी त्याने विहीर सुधारत नाही आणि रान तर बिघडतेच.

वकील मित्राने १९७४ चा जल कायदा काढला, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय सांडपाणी सोडताच येत नाही हे दाखवले. मी खर्चाकडे पाहिले. पाण्यातून मीठ वेगळे काढायची यंत्रणा सूत रंगवणाऱ्या लहान डाईंगवाल्याला एकट्याने परवडत नाही. सामुदायिक प्रकल्प काढला तर वर्गणी मापाने घ्यायची की युनिटप्रमाणे सारखी, यावर गाडे अडते. समाजशास्त्राच्या मैत्रिणीने वस्तीतल्या बायकांना विचारले, बोअरचे पाणी कशाकशाला वापरता? आणि मग केमिस्ट्रीचीच मैत्रीण म्हणाली, युनिटला टाळे लागले तर आमच्या घरी शनिवारचा पगार येणार नाही, हेही अहवालात लिहा. तिच्या वडिलांचा माग अशाच एका डाईंगच्या सुतावर चालतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच टॉवेलच्या पाण्याचे काय करायचे, हे ठरवायला माल, पाणी, कायदा आणि कामगार चारही बाजू एकाच वेळी कळणारी माणसे लागतात. रसायनशास्त्राच्या वर्गातल्या एका ऐच्छिक पेपरातून ती तयार होतील, असे आपल्याला खरोखर वाटते का?

उजनी धरणाचे तर काय सांगावे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळाचे पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते, म्हणजे या तळाच्या पाण्यालाही हात लागला होता. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून येऊन त्यात मिसळते, खाली आपल्या जिल्ह्याचा ऊस त्याच पाण्यावर उभा राहतो, आणि शहराच्या पिण्यासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी आणायचे तर शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी वर्षानुवर्षे सोडावे लागले. ते पाणी वाटेत उचलले जाऊ नये म्हणून काठच्या गावांची वीज तोडली जायची. तिकडच्या शेतकऱ्याचे उभे पीक वाळायचे आणि इकडे शहरात तरीही चार-पाच दिवसांआड नळ यायचा. फताटेवाडी-आहेरवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पालाही पाणी लागते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी शुद्ध केलेले सांडपाणीच वापरावे, असे केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात लिहिले आहे. पाण्याचा हा नियम वीजदराच्या कागदात आहे. कुठल्याही एका विषयाच्या विद्यार्थ्याला तो तिथे शोधावा असे सुचणार नाही. आम्हाला तो आमच्या सरांनी शोधायला लावला.

माळढोक या दुर्मिळ पक्ष्याचे उदाहरण थोडक्यात देते. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होते. पिकाखालची राने आणि अख्खी गावे त्या हद्दीत आली, जमिनींचे व्यवहार अडले, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात पक्षी उतरायचा त्याच्याच मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. पक्षी मात्र तोवर दिसेनासा होत चालला होता. याच पक्ष्याला विजेच्या तारांपासून वाचवण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मार्चमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून मान्य केला. तो निकाल आम्ही वर्गात ओळीने वाचला, तेव्हा आमच्यातल्या ज्यांनी नान्नजचा माळ पाहिलेला होता त्यांनी वाचून दाखवायचा आग्रह धरला.

आता तक्रारींकडे येते.

सगळ्यात आधी प्रवेशसंख्येबद्दल. ती कमी आहे, हे खरे आहे. ती कमी का राहिली, हे आपण तपासले का? माहितीपुस्तिकेत हा अभ्यासक्रम शेवटच्या पानावर, पात्रतेच्या अर्धवट माहितीसह छापला गेला. बाकीच्या विषयांच्या गुणवत्ता याद्या लागून गेल्यावर याचे अर्ज सुरू झाले, तोवर मुलांनी दुसरीकडे फी भरलेली होती. आणि सगळ्यांत मोठी अडचण शिष्यवृत्तीची. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना अभ्यासक्रमांच्या यादीत आमच्या अभ्यासक्रमाचे नावच येत नाही. ते नोंदवून घेण्याचे काम महाविद्यालयाचे आहे. आम्ही लेखी अर्ज दिले, त्यांवर पोचेचा शिक्का मिळाला, नाव अजून आलेले नाही. आमच्या आधीच्या तुकडीतल्या काही जणांनी केवळ याच कारणाने पहिल्या सत्रानंतर वर्ग सोडला. ज्या मुलांना फी-माफीचा हक्क आहे त्यांना पूर्ण फी भरायला लावायची आणि मग संख्या कमी म्हणून वर्ग मिटवायचा, हा अन्याय आहे. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

दुसरे, शिक्षकांचे. या विभागाला पूर्णवेळ शिक्षक कधीच मिळाला नाही. शिकवणारे सगळे तासिका तत्त्वावर, किंवा भूगोल, रसायन, अर्थशास्त्र आणि विधी या विभागांतून आलेले. त्यांनी इथे घेतलेले तास त्यांच्या मूळ विभागात कार्यभार म्हणून धरले जात नाहीत, म्हणजे हे काम त्यांनी अंगावर घेऊन केले आहे. तरी त्यांनी शनिवारी-रविवारी वर्ग घेतले, स्वतःच्या गाडीतून आम्हाला क्षेत्रभेटीला नेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तासिकेचे मानधन महिनोन्महिने अडकल्यामुळे आमचे जलविज्ञानाचे सर मागच्या सत्रात मधेच सोडून गेले आणि तो पेपर आम्ही एकमेकांना शिकवून काढला. ‘उपलब्ध मनुष्यबळानुसार’ या शब्दांची आम्हाला भीती वाटते ती म्हणूनच.

तिसरी तक्रार समकक्षतेची आहे. ही पदवी कला शाखेची धरायची की विज्ञानाची, याचे लेखी उत्तर आजवर मिळालेले नाही. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट आणि सेट या पात्रता परीक्षांना पर्यावरण विज्ञान हा विषय आहे. तिथे अर्ज करताना, किंवा कुठल्याही सरकारी जाहिरातीतली ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ ही अट वाचताना आमचा जीव टांगणीला लागतो. मागे एका बैठकीत आमच्या प्रतिनिधीला विचारले गेले की हा विषय नक्की कोणत्या शाखेचा? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर जगाने कधीच दिले आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांनी पीएचडी कॅलिफोर्नियातल्या भूजलाच्या वाटपावर केली, १९६५ मध्ये, आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते अर्थशास्त्राचे. आपल्या शेजारी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. ते अभियंता होते. पण पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशोबाने वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, हे नियम कुठल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकातून आलेले नव्हते. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांत बोअर किती खोल गेली आहेत हे जो जाणतो, त्याला या दोघांचे काम आपल्या दाराशी आल्यासारखे वाटेल.

चौथे, क्षेत्रकार्य. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गाला प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प आहेत. आमचा तर अर्धा विषयच बाहेर आहे. तरीही क्षेत्रभेटीच्या दिवशी हजेरीपटावर आमची गैरहजेरी लागते. सरकारी कार्यालयातून माहिती मागायला महाविद्यालयाचे पत्र लागते, ते सह्यांसाठी टेबलांवर पडून राहते, आणि मिळते तेव्हा सत्र संपत आलेले असते. पाणी तपासायचे संच आहेत, पण ते रसायनशास्त्राच्या कपाटात कुलपात असतात.

आणि आम्ही केलेल्या कामाचे पुढे काय होते? नाल्याचा अहवाल, वस्तीतल्या बोअरच्या पाण्याच्या नोंदी, सीनेकाठच्या पंचनाम्यांचा अभ्यास, हे सगळे बांधीव प्रतींत परीक्षेला जमा झाले आणि कपाटात गेले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूरचे नाव आहे, त्यासाठी धुळीची कारणे शोधावी लागतात. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ही सगळी कामे जिल्ह्याबाहेरच्या सल्लागार संस्थांकडे जाऊ शकतात, किंवा इथली भाषा, इथली माती, इथले तेलुगू आणि कन्नड बोलणारे मोहल्ले ओळखणारी मुले ती करू शकतात. पूर्व भागातल्या आजी बोअरच्या पाण्याबद्दल जे तेलुगूत सांगतात ते बाहेरून आलेल्या माणसाला प्रश्नावलीत उतरवता येत नाही. आमच्या मैत्रिणीला येते.

आपली बाजू मी समजून घेते. अभ्यासक्रम विनाअनुदानित आहे, थोड्या मुलांच्या फीवर पूर्णवेळ शिक्षक परवडत नाहीत, आणि इतर विभागांच्याही मागण्या आहेत. खर्चाची अडचण खरी आहे. पण तिच्यावरचे मार्ग विद्यार्थी आणि शिक्षकांसोबत बसून शोधायचे की फलकावर सूचना लावून विषय संपवायचा, यात फरक आहे. आम्हाला एकदाही बोलावले गेले नाही. माजी विद्यार्थ्यांना विचारले नाही. अभ्यास मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मागितले, तर ते अंतर्गत असल्याचे उत्तर आले.

ऐच्छिक पेपरबद्दल थोडे बोलते, कारण तो आम्हाला पर्याय म्हणून दाखवला जातो आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, आणि त्यातून पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा पेपर लागला. हेतू मोठा होता. आज त्या पेपरच्या प्रकल्पाच्या तयार फाइली झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, फक्त पहिले पान बदलायचे. शिकवायला माणूस नाही, जायला माळ किंवा नाला नाही, वाद घालायला दुसऱ्या विषयाचा सोबती नाही, अशा पेपरचे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आमच्या अभ्यासक्रमाचेही तेच करू नका. सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम स्वातंत्र्याच्याही आधीपासून सुरू आहे, डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. इतके ज्ञान एका गावात असताना ते जोडून घेणारा वर्ग आपणच बंद करावा, हे मला पटत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

नवे प्रवेश थांबवण्याच्या निर्णयाला स्थगिती द्यावी आणि येत्या जूनची तुकडी भरावी. माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रमाची पूर्ण माहिती, पात्रता आणि फी इतर विषयांसोबत, त्याच वेळी जाहीर करावी.

महाडीबीटीवरची नोंदणी प्रवेश सुरू होण्याआधी पूर्ण करावी. ज्यांना केवळ नोंदणी नसल्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली नाही, त्यांची फी परत करण्याचा किंवा पुढच्या हप्त्यात वळती करण्याचा निर्णय लेखी द्यावा.

पदवीची शाखा आणि समकक्षता स्पष्ट करणारे पत्र मिळवून प्रत्येक विद्यार्थ्याला, आधीच्या तुकड्यांनाही, द्यावे.

किमान दोन पूर्णवेळ शिक्षक नेमावेत, एक विज्ञानाचा आणि एक समाजशास्त्रे किंवा कायद्याचा. तोवर इतर विभागांतून येणाऱ्यांचे तास कार्यभारात धरावेत आणि तासिका शिक्षकांचे थकलेले मानधन आधी द्यावे.

क्षेत्रभेट हजेरीत आणि श्रेयांकात धरावी. माहितीसाठी लागणारी पत्रे अर्ज केल्यापासून आठवड्याच्या आत मिळावीत. तपासणी संच विभागाच्या ताब्यात द्यावेत.

विद्यार्थ्यांचे अहवाल महाविद्यालयाच्या वाचनालयात खुले ठेवावेत आणि महापालिका व जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागांना अधिकृतपणे पाठवावेत.

या सगळ्यावर निर्णय घेण्याआधी सध्याचे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि शिकवणारे शिक्षक यांची बैठक बोलवावी आणि तिचे इतिवृत्त फलकावर लावावे.

याचे उत्तर मे महिना संपण्याआधी लेखी मिळावे, म्हणजे प्रवेशाचे वेळापत्रक चुकणार नाही. बैठकीला आम्ही येताना महाडीबीटीच्या अर्जांच्या पोचा, हजेरीपटाच्या नकला आणि आजवरच्या अहवालांची यादी सोबत आणू. शहरात तुकडी भरण्यासाठी महाविद्यालयांत जाऊन माहिती द्यायला आम्ही तयार आहोत, आणि त्या कामाची जबाबदारी घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आहेत.

आपली,
पर्यावरण धोरण, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी
सोलापूर